सोमवारची कणकण

सिस्टर,

तुमच्या तेराव्याला मी आलो, पण जेवलो नाही. पान वाढलं, दोन घास चिवडले आणि उठलो. संजयनं खांद्यावर हात ठेवला. तुमच्या लेकाला वाटलं, काकांना सोसवत नाहीये. ते खरंच होतं. पण घास अडकला होता तो दुसऱ्याच गोष्टीनं. तुमच्या फोटोपुढं बसून मी बोटं मोजत होतो. मंगळवार, बुधवार, गुरुवार. परत मंगळवारपासून.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "किसनभाऊ, बोटं मोजून रोग सापडत असता तर सरकारनं आपल्याला एवढी रजिस्टरं कशाला दिली असती?"

आपण दोघं सव्वीस वर्षं लासूर स्टेशनच्या पलीकडच्या त्या दोन खोल्यांच्या उपकेंद्रात होतो. तुम्ही नर्स, मी आरोग्य सेवक. लस टोचायचात तुम्ही, बर्फ भरलेला लशीचा डबा सायकलवर बांधायचो मी. मेंढरं राखणाऱ्या घरातला मी, म्हणून वस्त्यांवर तुम्ही मला पुढं घालायचात. "आधी तुम्ही बोला, मग मी सुई काढते." हे सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. तरी सांगतोय, कारण आता ते ठाऊक असणारा मी एकटाच उरलोय आणि माझ्या डोक्यात सगळा गुंता झालाय.

त्या मंगळवारी मी नेहमीसारखा तुमच्याकडं चिकलठाण्याला आलो. आदल्या रात्रीपासून घसा खवखवत होता. नाक वाहत होतं. निघताना एक तापाची गोळी गिळली. जन्मभर लोकांना सांगितलं, सर्दी-ताप असला की म्हाताऱ्या माणसांजवळ, लहान लेकरांजवळ जाऊ नका, तोंडाला रुमाल बांधा. आणि मी आलो, तोही उघड्या तोंडानं. का आलो? महिन्यातून एकदाच तर यायचो. तुमच्याशी भांडल्याशिवाय महिना गेल्यासारखा वाटायचा नाही.

तुम्ही दार उघडलंत, माझ्याकडं बघितलंत आणि पहिलं वाक्य म्हणालात, "नाक लाल दिसतंय."

"जालना रोडची धूळ," मी म्हणालो. "लई उडतीय हल्ली."

तुम्ही उठून खिडकी उघडलीत. मग आपण दोन तास समोरासमोर बसलो. तुम्ही भजी तळलीत. तुमची तब्येत ठणठणीत होती, सिस्टर. खाली उतरून स्वतः कोथिंबीर घेऊन आलात. चौऱ्याहत्तर वय, पंधरा वर्षांची साखर, आणि दोन जिने न थांबता चढलात. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून तर पुढचा हिशेब मला लागत नाही.

आपलं भांडण त्या दिवशी पुन्हा जुन्याच जागी गेलं. तान्हाबाईच्या हापशावर.

तुम्हाला आठवतं का, विचारत नाही, मला आठवतं तेच सांगतो. ऊसतोडीवरून माणसं परत आली होती आणि वस्तीवर गोवर निघाला. पहिलं पडलं ते तान्हाबाईचं पोर. मग चार घरांत, मग अकरा घरांत. दारांना लिंबाचे डहाळे लागले, खिडक्यांवर गोधड्या आल्या, पोरांचं पाणी तोडलं. "गोवराची बाई आलीय, औषध द्याल तर कोपेल," म्हणायचे. तुम्ही लिंबाला हात लावला नाहीत. म्हणालात, "डहाळा राहू द्या. बाईला थंडावा द्या आणि पोराला पाणी द्या. दोघांचंही भलं होईल." मग एकेका पोराच्या तोंडात अ जीवनसत्त्वाचा चमचा. डोळे जाऊ नयेत म्हणून. आयांना तुम्ही पोटाकडं बघून श्वास मोजायला शिकवलंत. गोवर अंगावर दिसतो, मारतो तो छातीत उतरून आणि जुलाबानं, हे मी तुमच्याकडूनच शिकलो.

विषाणू म्हणजे काय, हे तुम्ही माझ्या जातीच्या म्हाताऱ्यांना किती सोपं करून सांगायचात. "कोकिळा घरटं बांधते का? नाही. कावळिणीच्या घरट्यात अंडं घालते आणि कावळीण राबते. तसा हा. याला स्वतःचं काही नाही. आपल्या शरीराच्या घरट्यात शिरतो आणि आपल्यालाच राबवून आपली पिल्लं काढून घेतो. शरीराला कळलं की ते पेटून उठतं, तोच ताप." म्हातारे मान हलवायचे. एकानं विचारलं होतं, "मंग कोकिळेला मारायचं औषध न्हाय व्हय?" तुम्ही म्हणाला होतात, "बहुतेकींना नाही, बाबा. म्हणून घरट्याला आधीच शहाणं करायचं. लस त्यासाठीच."

त्या वस्तीवर एक पोर गेलं. दुसऱ्या दिवशी बायांनी तान्हाबाईला हापशावर उभं राहू दिलं नाही. "तूच आणलास कारखान्यावरनं," म्हणून तिची घागर पालथी केली. तिचं आजारी पोर घरात, घोटभर पाणी नाही. आपण पोचलो तेव्हा ती रिकामी घागर धरून उन्हात बसली होती.

तुम्ही हापशाच्या दांड्यावर हात ठेवलात आणि मोठ्यानं बोललात, "गोवर हिनं नाही आणला. मी आणला. मागल्या आठवड्यात पलीकडच्या गावात गोवराची पोरं तपासली आणि त्याच लुगड्यानिशी इथं आले. मला काय म्हणायचं ते म्हणा. हिला पाणी भरू द्या."

बाया बाजूला झाल्या. तान्हाबाईनं पाणी भरलं. तुम्हीच दांडा मारलात.

ते खोटं होतं. पलीकडच्या गावात गोवर नव्हताच. आणि लहानपणी गोवर येऊन गेलेली बाई लुगड्यावरून गोवर नेत फिरत नाही, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. रस्त्यात मी सायकल थांबवली. म्हणालो, "सिस्टर, खरं सांगायचं होतं. पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासनं तो पसरतो. पोर खोलीतून उठून गेलं तरी दोन तास हवेत राहतो. कुणी आणला ते शोधणाऱ्याला भलताच माणूस सापडतो, हेच सांगायचं होतं."

"हे सगळं सांगेपर्यंत दुपार झाली असती," तुम्ही म्हणालात. "पोर तहानलेलं होतं."

पुढचे चार महिने लशीच्या दिवशी अंगणवाडीत आपण दोघं आणि बर्फाचा डबा. कुणी येईना. नर्सबाईच्या अंगावरनं रोग येतो म्हणे. मंगल नावाची एक वर्षाची पोर, तिच्या आईनं तेवढ्यासाठी लस चुकवली. पोरीला गोवर झाला, उतरलाही, पण उजव्या डोळ्यात फूल पडलं. ते बघून आल्यावर मी तुम्हाला म्हणालो, "एका बाईचं पाणी वाचवलंत आणि एका पोरीचा डोळा घालवलात."

हे वाक्य मी बोललो. त्यानंतर तुम्ही तुमच्या सुट्टीच्या दिवशी मंगलला आणि तिच्या आईला पॅसेंजरनं तेव्हाच्या औरंगाबादेत डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेत राहिलात. किती वेळा, ते मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, मी बरोबर होतो. अजूनही वाटतं. पण त्या वाक्याबद्दल एकदा तरी माफी मागायला हवी होती, आणि मी मात्र तीस वर्षं तेच भांडण उकरत राहिलो. त्या मंगळवारी भजी खातानाही मी म्हणालो, "आरोग्यवाल्यानं खोटं बोलू नये म्हणजे नये." तुम्ही हसलात. अर्ध्या तासापूर्वीच मी 'धूळ' म्हणालो होतो.

बुधवारी सकाळी मी तापानं फणफणलो. हाडं मोडल्यासारखी दुखत होती, डोळे हलवले तरी कळ यायची. मी ओळखलं, ही सर्दी नव्हे, फ्लू आहे. तेव्हाच फोन उचलायला हवा होता. 'सिस्टर, मी तुमच्यासमोर दोन तास खोकलोय. जरा अंग दुखलं तरी थांबू नका, डॉक्टरांकडं जा. तुम्हाला साखर आहे, पहिल्या दोन दिवसांत फ्लूच्या विषाणूवरच्या गोळ्या सुरू झाल्या तर चांगलं.' एवढंच सांगायचं होतं. मी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. सांगायचं तर 'धूळ' खोटी होती हे कबूल करावं लागलं असतं. उद्या करू म्हटलं. गुरुवारी जरा बरं वाटलं, मग म्हटलं, त्यांना काही झालेलं दिसत नाही, नाहीतर कळलं असतं.

शनिवारी तुमचाच फोन आला. आवाज घोगरा.

"फ्लू दिसतोय, भाऊ. गुरुवारी संध्याकाळपासून ताप आहे."

मी बोटं मोजली. मंगळवार ते गुरुवार, दोन दिवस. फ्लूला अंगात रुजायला एक ते चार दिवस लागतात, बहुतेकदा दोनच. हे मी माझ्या तोंडानं किती शाळांत सांगितलंय.

"सिस्टर, माझाच..." मी सुरुवात केली.

"नाही हो," तुम्ही मध्येच तोडलंत. "मला सोमवारपासूनच कणकण होती. तुम्ही यायच्या आधी. उगाच डोकं चालवू नका."

सोमवारपासून. मी ते वाक्य धरून ठेवलं, बुडणाऱ्यानं काठी धरावी तसं. मग विचारलं, डॉक्टरांकडं गेलात का? तर म्हणालात, "उद्या वर्षा नेणार आहे. आणि तुम्ही मला अँटिबायोटिक घ्या म्हणून सांगू नका. विषाणूवर ते चालत नाही, छातीत दुसरा संसर्ग झाला तर डॉक्टर देतीलच. पाणी पितेय, झोपून आहे." मास्तरीण शेवटपर्यंत.

रविवारी मी फोन केला तेव्हा तुम्ही चार शब्द बोलायचात आणि थांबायचात. परत तीन शब्द. मी फोनवर तुमचे श्वास मोजले, सिस्टर. जसे आपण पोरांचे मोजायचो. मोजून झाल्यावर ओरडलो, "वर्षाला फोन द्या! आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या!" तुमच्या सुनेनं अर्ध्या तासात नेलं. न्यूमोनिया झाला होता. डॉक्टरांनी सगळं केलं. गोळ्या दिल्या, ऑक्सिजन लावला, मग श्वासाचं मशीन. तपासणीत फ्लूच निघाला. कुणाचा, ते तपासणीत निघत नाही.

नऊ दिवस मी काचेबाहेर उभा राहिलो. तुमच्या दंडावर सुया होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दंडांना स्पिरीट लावत आलात आणि स्वतःची फ्लूची लस या वर्षी राहूनच गेली. "या महिन्यात घेते," म्हणाला होतात. दहाव्या दिवशी सकाळी संजयचा फोन आला.

आता सांगतो काल काय झालं ते. हे सांगण्यासाठीच लिहायला बसलोय.

काल मी परत तुमच्या घरी गेलो. तेराव्याला जे गिळलं ते ओकायला. संजय कामावर होता, वर्षा एकटीच होती. मी चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच म्हणालो, "पोरी, तुला एक सांगायचंय. त्या मंगळवारी मी आजारी होतो. घरनं निघतानाच मला ठाऊक होतं. सिस्टरांनी विचारलं तर धूळ म्हणालो. बुधवारी ताप भरला तरी कळवलं नाही. कळवलं असतं तर त्यांनी दोन दिवस आधी गोळ्या घेतल्या असत्या."

वर्षा म्हणाली, "मला माहितीये काका. आईंनी सांगितलं होतं."

"काय सांगितलं?"

"की हा तुमच्याकडून आला म्हणून. शुक्रवारीच म्हणाल्या. 'किसनभाऊ मंगळवारी नाक पुसत बसले होते आणि धूळ म्हणत होते. त्यांचाच आहे.'"

मी तिथंच दिवाणावर बसलो. मला 'सोमवार' म्हणालात आणि सुनेला माझं नाव सांगितलंत! वाईट वाटलं, सिस्टर, लई वाटलं. खरं होतं म्हणून वाटलं, का तुम्ही मला सोडून दुसऱ्याला सांगितलंत म्हणून वाटलं, कळेना.

तेवढ्यात वर्षा रडायला लागली.

"पण काका, माझा घसा सोमवारपासून धरला होता. मी शिकवते त्या वर्गातली निम्मी पोरं खोकत होती. मी खोकत खोकतच स्वयंपाक केला, आईंच्या शेजारी बसून जेवले. त्यांना ताप आला तेव्हा मी घाबरून म्हटलं, आई, हे माझ्यामुळं झालं. तर त्या म्हणाल्या, 'वेडी आहेस का? तुझा नव्हे, किसनभाऊंचा.' मी ते मानलं. मानायचंच होतं मला. तुमच्यावर रागही धरला. तेराव्याला तुम्हाला वाढलं नाही मी, लक्षात आलं का तुमच्या? पण रात्री डोळा लागत नाही. यांनाही सांगितलेलं नाही."

मी तिला तुमचं शनिवारचं वाक्य सांगितलं. सोमवारची कणकण. ती डोळे पुसत म्हणाली, "सोमवारी? सोमवारी तर आई भिशीला गेल्या होत्या. गाणी म्हणून आल्या."

तुम्ही आम्हा दोघांना दोन गोष्टी सांगितल्या होत्यात. तापानं फणफणलेल्या, तरी कुणाला काय सांगायचं याचा विचार करत पडला होतात. हापशावर तुम्ही स्वतःचं नाव पुढं केलं होतंत. या वेळी माझं केलंत. का, सिस्टर? खरंच माझाच आहे असं वाटलं म्हणून? का सुनेला या घरात जन्म काढायचाय, किसनभाऊ सोसेल, असा हिशेब केलात? स्वतःचं नाव वापरावं तितक्या सहज माझं वापरलंत, याचा राग धरू का यानं ऊर भरून येऊ देऊ, हे मला काल कळलं नाही, आज लिहितानाही कळत नाही.

"खरं काय आहे, काका?" वर्षानं विचारलं. "तुम्ही तर या कामातले. कुणाचा होता?"

मला एका वाक्यात तिची सुटका करता आली असती. 'माझाच' म्हणालो असतो की संपलं. तोंडाशी आलं होतं. पण तीस वर्षं तुमच्याशी भांडलो ते एका दुपारीत मोडवेना.

म्हणालो, "कळायचं नाही, पोरी. कधीच. तुझा असेल, माझा असेल, भिशीतल्या कुणाचा असेल. त्रास व्हायच्या एक दिवस आधीपासनं तो पसरतो, माणसाला स्वतःलाच ठाऊक नसतं. तुला ठाऊक नव्हतं काय आहे ते. मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो. तेवढा भाग माझा, तो मी कुणाला देत नाही. पण आणला कुणी, ते विचारू नकोस. स्वतःलाही नको."

तिनं मान हलवली. तिला हलकं वाटलं का, माहीत नाही. तुमचं खोटं तिला तेरा दिवस पुरलं नाही. माझं खरं किती दिवस पुरेल, तेही सांगता येत नाही. संध्याकाळी तिनं माझ्यासमोरच संजयला सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन गॅलरीत गेला. आला तेव्हा म्हणाला, "लसीला घेऊन चल म्हणून आईनं मला दोनदा म्हटलं होतं."

मग तिघांनी चहा घेतला. कुणी कुणाची समजूत घातली नाही.

शनिवारी आम्ही तिघं लस घ्यायला जाणार आहोत. दर वर्षी नवी घ्यावी लागते, कारण हा दर वर्षी कपडे बदलून येतो, हे संजयला मीच सांगितलं. त्यानं अगदी तुमच्यासारखी भुवई उचलली. सव्वीस वर्षं लशीचा डबा वाहिला, सिस्टर, पण सुई टोचून घेताना दंडाकडं न बघता कुणाकडं बघायचं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. सगळी वस्ती तुमच्याकडं बघायची. शनिवारी मी कुणाकडं बघू?

तुमचा,
किसनभाऊ